देव्हाऱ्यातलं काडतूस

आमच्या साडूंइतका सावध माणूस ब्रह्मदेवाने दुसरा घडवला नसेल, आणि घडवायला घेतला असेल तर अर्ध्यात सोडून दिला असेल, कारण एवढी तपासणी करत बसायला त्यालाही फुरसत नाही. सिंगापुरात हॉकर सेंटरच्या, म्हणजे सरकारी खाऊगल्लीच्या, टेबलावर कागदी रुमालांचं पाकीट ठेवून लोक जागा धरतात आणि परत येतात तेव्हा जागाही असते आणि पाकीटही. अशा गावात हे गृहस्थ वुडलँड्सच्या आपल्या फ्लॅटला कुलूप लावून लिफ्टपर्यंत जायचे, परत यायचे, कुलूप ओढायचे, पुन्हा लिफ्टपर्यंत जायचे आणि तिथून बायकोला विचारायचे, "मी आत्ता ओढलं ना?" आणि या बेटावर पोलिसांनी ज्याच्या देव्हाऱ्याचे फोटो काढले असा माझ्या माहितीतला एकमेव माणूसही तोच. आता सगळं निभावलं म्हणून मी हे हसत हसत सांगतोय. त्या दिवशी हसायची कुणाची छाती नव्हती.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. वुडलँड्समधल्या एका कारखान्यात इंजेक्शनच्या सुया तपासणाऱ्या खात्याचे ते मॅनेजर होते. मी राहतो पुंगोलला आणि चांगी बिझनेस पार्कात एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळतो. सांभाळतो म्हणजे कोसळलं की उचलतो. 'बघू, होईल' हा माझा स्वभाव, आणि 'झालंय का, बघू' हा त्यांचा. सासरच्या मंडळींना दोन जावई मिळाले ते असे, त्यामुळे कुठल्याही समारंभात त्यांचं कौतुक व्हायचं आणि मला वाढायला लावायचे.

ही सावधगिरी कारखान्यातून आली असं मी सुरुवातीला समजत होतो. ती आली होती एका म्हाताऱ्या रायफलीतून. सिंगापूरला येण्याआधी साडू आठ वर्षं न्यूझीलंडला होते. तिथे शेजारी एक वृद्ध मेंढपाळ राहायचा. त्याच्याकडे आजोबांच्या वेळची, शंभरी ओलांडलेली शिकारीची रायफल होती. ती ज्या काळात घडली त्या काळी गोळ्या लांब, जड आणि गोल नाकाच्या असत. हल्लीच्या हलक्या टोकदार गोळ्या तिला पचत नसत, दहातल्या सहा भलतीकडे जायच्या. हवी तशी काडतुसं दुकानात मिळेनात, म्हणून म्हातारा ती घरी हाताने भरायचा. साडूंनी रीतसर परवाना काढला आणि चार वर्षं त्याच्या हाताखाली हे शिकले. माणूस शुद्ध शाकाहारी, अंड्याच्या केकलाही हात लावत नाही. त्या रायफलीने त्यांनी कागदावरच्या वर्तुळांखेरीज कशाचीही शिकार केलेली नाही. पण काडतूस भरण्याबद्दल बोलायला लागले की चेहऱ्यावर असं तेज यायचं की वाटावं, बुवा आता डोळे मिटून समाधीच लावणार.

त्यांचे नियम मला अजून तोंडपाठ आहेत, कारण प्रत्येक सणाला ते मला ऐकावे लागले. टेबलावर एका वेळी बंदुकीच्या दारूचा एकच डबा. दुसरा उघडायचा असेल तर पहिला बंद करून कपाटात. काम करताना कुणी बोलायचं नाही. पुस्तकात जे कमीत कमी माप दिलं असेल तिथून सुरुवात करायची, आणि रायफल म्हातारी आहे हे लक्षात ठेवून वरच्या मापाच्या वाटेला जायचंच नाही. भरलेली पितळी नळकांडी ठोकळ्यात ओळीने उभी करायची आणि गोळी बसवण्याआधी टॉर्च घेऊन एकेकीत डोकवायचं, एखादीत दारू दुप्पट पडली नाही ना, एखादी कोरडी राहिली नाही ना. एकदा बघायचं, मग दुसऱ्यांदा बघायचं. आणि या सगळ्याच्या आधी एक खोटं काडतूस करायचं. त्यात दारू नाही, ठिणगी पाडणारी टोपी नाही, नुसतं पितळ आणि गोळी. लांब, गोल नाकाची गोळी रायफलीत नीट बसते की नाही ते पाहायला. त्याच्या पोटाला आरपार भोक पाडायचं, म्हणजे चुकूनही कुणाला ते खरं वाटू नये.

सिंगापूरला निघताना रायफल म्हाताऱ्याच्याच पोलादी कपाटात राहिली, काडतुसं मोजून त्याच्या ताब्यात गेली. इथे नुसतं रिकामं नळकांडं सापडलं तरी आयुष्याची माती होते हे साडूंना इतकं ठाऊक होतं की एमआरटीच्या गाडीत ते 'बंदूक' हा शब्दसुद्धा उच्चारत नसत, 'ती वस्तू' म्हणत. पण नियम कुठे जाणार? ते स्वयंपाकघरात शिरले. ओट्यावर एका वेळी एकच डबा. जिरं घेतलं, झाकण लावलं, डबा मांडणीवर गेला, मग मोहरी. तोवर तेल पेटायची वेळ. साडू फोडणी करत असताना ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीने, एकदा फक्त "मीठ घातलंत?" एवढंच विचारलं, तर त्यांनी गॅस बंद केला, सगळं बाजूला ठेवलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

एका गणपतीत आमच्या पुंगोलच्या घरी ते मोदकांना मदत करायला बसले. मदत कसली, परीक्षाच ती. बरोबर आणलेल्या छोट्या तराजूवर प्रत्येक मोदकाचं सारण तोललं गेलं. पाऱ्या ओळीने मांडून झाल्या, आणि तोंड मिटण्याआधी साहेबांनी खिशातून टॉर्च काढला. एकवीस पाऱ्यांत एकेक करून डोकावले. मग दुसऱ्यांदा. आरतीला जमलेली मंडळी टाळ हातात घेऊन ताटकळली होती. शेवटी माझी बायको म्हणाली की भाऊजी, बाप्पा विसर्जनालाच मोदक खाईल आता. मी मधल्या वेळात डोळ्यांच्या अंदाजाने केलेला एक मोदक वाफेत फुटला, तेव्हा साडूंनी तो फुटका मोदक चिमट्याने उचलून वेगळ्या ताटलीत ठेवला आणि जेवण होईपर्यंत अधूनमधून त्याच्याकडे बघत राहिले.

तर असा हा माणूस. आता ती खंडेनवमी.

त्या वर्षी नवमी रविवारी आली. एरवी साडू त्या दिवशी कारखान्यात असायचे, यंदा घरी. आम्ही श्रीखंड-पुरीला वुडलँड्सला गेलो होतो. ताईंनी देव्हाऱ्यापुढे पाटावर विळी, सुरी, कात्री, साडूंचा लॅपटॉप, भाचीची कंपासपेटी असं सगळं शस्त्र म्हणून मांडलं. मग देव्हाऱ्याचा खालचा खण ओढला, कापराची डबी बाजूला सारली आणि हळदीकुंकवाने माखलेली, बोटभर लांबीची एक वस्तू काढून मधोमध ठेवली. साडू ताम्हन घेऊन येत होते ते तिथेच थांबले. ताम्हनातलं पाणी कलंडून पायावर सांडत होतं आणि त्यांना पत्ता नव्हता.

ताईंना वाटलं, यांना लॅपटॉपला कुंकू लावलेलं आवडलं नाही. साडूंनी हळूच विचारलं, हे कुठून आलं. त्या म्हणाल्या, "अहो, तुम्हीच तर दिलंत. रायफलीची पूजा करू म्हटलं तर कपाट उघडणार नाही म्हणालात, आणि याची कर म्हणालात. दर वर्षी करतेय मी."

न्यूझीलंडमधलं ते खोटं काडतूस. घर हलवताना साडूंनी चार पानांची यादी केली होती, चमचेसुद्धा मोजले होते. यादीत देव्हाऱ्यापुढे मात्र नुसती बरोबरची खूण केली होती, कारण देवांचं सगळं ताईंकडे. तो देव्हारा खणासकट जहाजाने सिंगापुरात आला आणि तीन नवरात्रं त्या काडतुसाने इथे पूजा घेतली.

मला हायसं वाटलं. खोटंच आहे ना, मग झालं. पण साडू वाकून बघत होते, हात न लावता, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. इतक्या वर्षांचं गंध, हळद, कुंकू आणि तूप वाळून दगड झालं होतं. पोटाचं भोक बुजलं होतं. तळाशी टोपीच्या जागी लाल गोळा बसला होता. खोटं म्हणून ओळखायची एकूण एक खूण ताईंच्या भक्तीने लिंपून टाकली होती. भोक दिसत नाही तोवर ते खोटं आहे असं मी लिहून देणार नाही, असं ते पुटपुटले. स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तूबद्दल!

इथला कायदा सगळ्यांना माहीत आहे. तुरुंग, वर फटके, आणि साडू पन्नाशीच्या आत, म्हणजे फटक्यांतूनही सुटका नाही. नोकरीचा पास रद्द, मुलीची शाळा गेली, तिघांची बोचकी बांधायची. मी त्यांना बाल्कनीत ओढलं आणि माझ्या स्वभावाला धरून सल्ला दिला. स्वयंपाकघरात कचरा थेट तळमजल्यावर नेणारी चूट आहे, झाकण उघडा, टाका, संपलं. कुणाच्या बापाला कळणार नाही. मला आज लाज वाटते, पण मी तसंच म्हणालो, आणि दोनदा म्हणालो.

साडूंनी कठड्यावरून खाली बोट दाखवलं. मग म्हणाले, "खाली कचरा ओढणारी एक बाई आहे. बांगलादेशी असावी. तिच्या हाती हे आलं तर हे रिकामं आहे हे तिला कोण सांगणार?"

आणि आत येऊन त्यांनी स्वतः ९९९ फिरवला.

पुढचा अर्धा तास, फोनवर सांगितल्याप्रमाणे घर रिकामं करून, आम्ही सगळे इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, उभे होतो. माझ्या बायकोच्या हातात कसं कोण जाणे श्रीखंडाचं पातेलं आलं होतं. भाची बापाचा हात धरून एकच विचारत होती, "पप्पा, दे कॅच यू ऑर नॉट?" आणि ताई, ज्या आयुष्यात नवऱ्याला कधी घाबरल्या नाहीत, त्या पदराने डोळे पुसत माझ्यामुळे झालं, माझ्यामुळे झालं म्हणत होत्या. साडू त्यांना समजावत होते की पूजेत काही चूक नाही, यादीत चूक आहे.

पोलिस आले. त्यांच्यात एक चिनी अधिकारी होता आणि एक तरुण तमिळ मुलगी. त्यांच्या माणसांनी वर जाऊन देव्हाऱ्याचे फोटो काढून आणले. अधिकाऱ्याने ते पाहिले, कपाळाला आठ्या घातल्या आणि विचारलं, बुलेटला हा लाल रंग कसला? साडूंनी खऱ्याखोट्या काडतुसाच्या लांबीपासून सुरुवात केली. मी मनात म्हटलं, गेलो आपण. तेवढ्यात ती मुलगी फोटोकडे बघून म्हणाली, "आयुधपूजा, आह?" आणि मग तिने आपल्या साहेबाला इंग्रजीत नीट सांगितलं की सर, आज आम्ही हत्यारांची पूजा करतो, माझ्या आईने सकाळी शिवणयंत्राला कुंकू लावलंय. साहेबाच्या आठ्या पूर्ण गेल्या नाहीत, पण निम्म्या गेल्या. त्या मुलीचं नाव मला माहीत नाही. तिच्या आईचं शिवणयंत्र शंभर वर्षं चालो.

काडतूस पोलिसांकडे गेलं, साडूंचा पासपोर्टही गेला, आणि सहा आठवडे चौकशी चालली. त्या सहा आठवड्यांत साडूंनी कारखान्यात दुसऱ्याच दिवशी जाऊन स्वतः सगळं सांगितलं, न्यूझीलंडहून म्हाताऱ्याची चिठ्ठी मागवली, आणि आपली जुनी वही पोलिसांना दिली. तीत भरलेल्या प्रत्येक काडतुसाची नोंद होती. घरी मात्र त्यांनी टॉर्च हातात धरला नाही. ताईंनी मला फोनवर सांगितलं की भाऊजी, काल यांनी जिरं आणि मोहरीचे डबे एकदमच उघडे ठेवले हो. आणि त्या रडायलाच लागल्या.

शेवटी बोलावणं आलं. मी रजा टाकून बरोबर गेलो. साडू आत, मी बाहेर बाकावर. वीस मिनिटांत मी आठवतील तेवढे सगळे देव आळवले, आणि उगाच कुणी राहून जायला नको म्हणून पुन्हा पहिल्यापासून आळवले. मग दार उघडलं. प्रयोगशाळेत कुंकवाचा थर खरवडल्यावर आरपार भोक निघालं होतं. आत दारूचा कण नाही, टोपी नाही. ताकीद देऊन सोडलं, वस्तू मात्र जप्त. पुढे कळलं की साडूंनी तिथेही भोक किती मिलिमीटरचं निघालं ते विचारलं, वहीतल्या आकड्याशी जुळतंय का बघायला. जुळत होतं.

मी त्यांना भर रस्त्यात मिठी मारली. आमच्या नात्यात असलं काही करायची पद्धत नाही, पण मला दुसरं काही सुचेना. समोरच्या हॉकर सेंटरमध्ये बसलो. त्यांनी कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, कप उचलला आणि फुंकर न घालता घोट घेतला. जीभ भाजली असणार. मग म्हणाले, "तुम्ही चूटमध्ये टाका म्हणालात ना, तेव्हा एक क्षण मी झाकणापर्यंत जाणार होतो. हे कुणाला सांगू नका." मी कुणाला सांगितलं नाही, आज तुम्हालाच सांगतोय. तोपर्यंत मला या माणसाच्या सावधपणाचं हसू यायचं. त्या दिवशी कळलं की त्यालाही भीती वाटते, आणि तरी तो दुसऱ्यांदा बघतो.

दीड वर्षाने ते परत न्यूझीलंडला गेले. म्हातारा थकला होता, त्याला रायफल योग्य हातात द्यायची होती. निघताना चांगी विमानतळावर साडूंनी मला तो टॉर्च दिला. सेल नवे घातलेले आहेत, दोनदा बघितलेत, असं म्हणाले. मी नेहमीसारखी थट्टा केली. ते गेल्यावर वुडलँड्सला जायचं कारण उरलं नाही. सणाला आता जेवण अगदी वेळेवर होतं, आणि ते आम्हाला कुणालाच आवडत नाही.

परवाच्या खंडेनवमीला मी आमच्या पुंगोलच्या देव्हाऱ्यापुढे विळी, लॅपटॉप आणि तो टॉर्च मांडला. कुंकू लावण्याआधी उचलून देव्हाऱ्याच्या खणात उजेड पाडला. कापूर होता, वाती होत्या, बाकी काही नव्हतं. बायको म्हणाली, चला, पुऱ्या गार होतायत. मी तिला थांब म्हटलं आणि दुसऱ्यांदा बघितलं.