पावसच्या शेडमधली नऊ गाणी

आमच्या अल्बमबद्दल बोलायचा मला आता कंटाळा आलाय. वर्षातून दोन-तीनदा कुणीतरी पुण्याहून नाहीतर बंगळूरहून फोन करतं, किंवा सरळ शाळेतच येऊन उभं राहतं. मी नववीला विज्ञान शिकवतो, दोन वर्षांनी निवृत्त होईन. तास संपला की स्टाफरूममध्ये बसून तीच ती उत्तरं देतो. मराठीतला पहिला पंक रॉक अल्बम तुम्ही केलात, असं ही मंडळी म्हणतात. पहिला होता की नव्हता, मला ठाऊक नाही. आमची गाणी ऐकून बँड काढला, असं सांगणारे मात्र बरेच भेटले.

पस्तीसेक वर्षं झाली. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आम्ही तिघे होतो. माझा मामा जहाजावर नोकरीला होता. त्याने आणलेल्या कॅसेटी ऐकून मी गिटारवर तीन कॉर्ड बसवल्या होत्या. सावर्ड्याचा एक मित्र दरवर्षी शिमग्यात ढोल वाजवायचा, तोच आमचा ड्रमर. आणि गायला नाटे गावची एक मुलगी. मच्छीमाराची पोर, रत्नागिरीत मावशीकडे राहून शिकत होती. घरी ती गौरीची गाणी म्हणायची. आवाज खणखणीत, किनाऱ्यावरून होडीतल्या माणसाला हाक मारावी तसा. वेळेवर न येणारी एसटी, नोकरीचे अर्ज, मुंबईला गेलेले भाऊ, असल्या विषयांवर आम्ही नऊ गाणी केली.

दिवाळीच्या सुट्टीत मुंबईच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून रेकॉर्डिंगचं मशीन चार दिवसांसाठी मागून आणलं. रत्नागिरीजवळ पावस गावात आमची आंब्याच्या पेट्या भरायची शेड होती, ती त्या दिवसांत रिकामीच असायची. पत्र्याखाली आवाज घुमत होता, म्हणून मी भिंतींना भाताचा नवा पेंढा बांधला. घुमणं थांबलं, पण धूळ इतकी उडाली की दुसऱ्या दिवसापासून गाणारी खोकायला लागली. लाईट सारखी जायची. त्यामुळे लाईट आहे तोवर गाणं संपवायचं, या घाईत आमची गाणी दीड-दीड मिनिटांची झाली. त्या वेगात बंडखोरी होती असं आता लिहून येतं. मी आधी दुरुस्त करायचो, हल्ली सोडून देतो.

तिसऱ्या दिवशी शेवटचं गाणं राहिलं होतं आणि चौथ्या दिवशी सकाळच्या गाडीने मशीन परत जायचं होतं. ती म्हणाली, आज नको, घसा दुखतोय. मी म्हटलं, एकदाच म्हण. ते एकदाच करता करता अकरा वेळा झालं. कधी लाईट गेली, कधी ढोल चुकला, दोनदा तर मलाच आवडलं नाही म्हणून. अकराव्या वेळी शेवटच्या ओळीला तिचा आवाज फाटला. जाड कापड टरकावल्यासारखा, आणि तसाच खेचत तिने ती ओळ पुरी केली. मी खुशीत होतो. ड्रमरला म्हटलं, हेच पाहिजे होतं.

ती बाहेर पिंपापाशी चूळ भरत होती. पाण्यात लाल दिसलं. मी दारात होतो. काही न बोलता आत जाऊन वायरी गुंडाळायला लागलो.

परीक्षा झाल्या आणि आम्ही पांगलो. ड्रमर मुंबईला वर्कशॉपमध्ये लागला. कॅसेटच्या कॉपी हॉस्टेलांतून फिरत कुठल्या कुठे गेल्या. तिचा घसा बरा झाला नाही, कोल्हापूरला उपचार चाललेत, असं कानावर आलं. मी गेलो नाही.

गेल्या वर्षी पुण्याची एक मुलगी आली. तिला आमच्या गाण्यांची मोठी तबकडी, जुन्या एलपी रेकॉर्डसारखी, काढायची होती आणि त्याला तिघांचीही संमती हवी होती. ड्रमर फोनवर म्हणाला, माझं काय, काढा. गाणारीसाठी मात्र मला नाट्याला जावं लागलं.

ती तिथे अंगणवाडीत सेविका आहे. पोरांची गाणी मदतनीस बाई म्हणतात, ही टाळ्या वाजवून ताल धरते. बोलली तेव्हा मला पुढे वाकून ऐकावं लागलं. तिने चहा केला, घरच्यांची चौकशी केली. मग मी कामाचं सांगितलं. तिने कप खाली ठेवून विचारलं,

"त्या दिवशी पिंपाजवळ तू बघितलं होतंस ना रे?"

"बघितलं होतं."

"मग बोलला नाहीस कसा?"

"मशीन परत द्यायचं होतं," मी म्हटलं. खरं तेच होतं. इतक्या वर्षांनी तोंडातून निघालं तेव्हा ते किती क्षुल्लक होतं ते कळलं.

तिने सगळं माझ्यावर टाकलं नाही. डॉक्टरांनी गप्प राहायला सांगितलं होतं, पण पुढच्या गौरींना ती हट्टाने गायली आणि उरलासुरला आवाजही गेला. त्याच दिवशी थांबले असते तर काय झालं असतं, ते कोणाला सांगता यायचं नाही, असं म्हणाली. मग म्हणाली, "काढा तबकडी. पण त्या गाण्याखाली लिहा, हा मुद्दाम काढलेला आवाज नाही. माझा घसा गेला तो आवाज आहे."

पुण्याच्या मुलीने तसं छापलं. "गाणारीला न थांबवणारा मीच होतो," हे वाक्य मी स्वतः लिहून दिलं. वाटलं होतं, हे वाचून लोक ते गाणं जरा जपून ऐकतील. झालं उलटंच. तेच गाणं सगळ्यात जास्त वाजतं, आणि तिने कलेसाठी आवाज दिला असं लोक लिहितात. तिने काही दिलं नव्हतं. तिने नको म्हटलं होतं.

तबकडी घेऊन मी पुन्हा नाट्याला गेलो. ती वाजवायचं यंत्र दोघांकडेही नव्हतं, म्हणून माझ्या फोनवर तिने एसटीचं गाणं ऐकलं. बोटाने ठेका धरला. शेवटचं लावू का, मी विचारलं नाही.

आता शाळेत कोणी आलं की मी अकरा वेळांचं आधी सांगतो. ते मान डोलावतात, लिहून घेतात. मग विचारतात, सर, तेव्हा गिटार कुठली वापरली होती?