एकतीस दिवसांचा चैत्र

माझ्या मामेसासऱ्यांइतका कालगणनेवर मनापासून रुसलेला माणूस अख्ख्या चांदा जिल्ह्यात झाला नसेल. मूल गावच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, खिशात कायम खडू. बाजारात उभ्या बैलगाडीच्या फळीवर, धानाच्या पोत्यावर, एकदा तर एका म्हशीच्या पाठीवर त्यांनी त्या दिवसाची तारीख तीन पंचांगांप्रमाणे लिहिली होती. कुणा पोपने ऑक्टोबरातले दहा दिवस काढून टाकले, ही पावणेचारशे वर्षांपूर्वीची गोष्ट ते काल घडल्यासारखी सांगत. "गुरुवारी चार तारखेले झोपले अन् शुक्रवारी पंधराले उठले. मंधात कोनाची तेरवी असन, तं त्यानं काय करावं, जवाईबुवा?" शतकाच्या नियमाने १९०० साली लीप वर्षाचा दिवस गाळला, हा राग तर खासगीच होता. "मी धा वर्षांचा होतो. साक्षीदार आहो."

वाढीव वेळेचा मान राखावा, हे मात्र त्यांचं तत्त्व. अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे देतात. मग फेब्रुवारीच्या एकोणतिसाव्या दिवसाने काय पाप केलं? त्या दिवशी मला जेवायला बोलावून ते ताटात एक अनारसा वाढत, आणि शेजारी दुसऱ्याचा जपून तोडलेला दहावा हिस्सा. "तीस दिवसाले तेहतीस. हिसाब करून पाहा." मामी दारातून म्हणत, "अजी, पुरा द्या न. जवाई हायेत, पाखरू नाई."

आता इतकी वर्षं जे बोललो नाही ते. दिल्लीत पंचांग सुधारायला समिती बसली, तेव्हा मामाजींनी तीन पानी अर्ज लिहिला: वाढीव दिवस फेब्रुवारीच्या शेपटीला नको, वर्षारंभी चैत्रात घाला. इंग्रजी करून पाठवायला तो माझ्याकडे दिला. मी जंगलखात्यात कारकून. लोक हसतील या लाजेने मी तो खणातच राहू दिला आणि "पाठवला" म्हणालो.

१९५७ साली सरकारी पंचांग आलं: लीप वर्षी चैत्र एकतीस दिवसांचा. मामाजींनी बाजारभर पेढे वाटले. "माहं ऐकलं दिल्लीनं. इंग्रजी आमच्या जवायाची." लोक मला नमस्कार करू लागले.

दोन वर्षं मी तो नमस्कार घेतला. मग एका सकाळी अर्ज घेऊन मूलला गेलो, त्यांच्यापुढे ठेवला, सगळं सांगितलं. त्यांनी तिन्ही पानं सावकाश वाचली, एक चुकलेली वेलांटी दुरुस्त केली.

"म्हंजे त्यायले कोनी न सांगताच समजलं?"

"हो, मामाजी."

"मंग तं ते बराबरच होतं." त्यांचा चेहरा खरोखर उजळला. त्यांनी मामींना चहा टाकायला सांगितलं.

त्यानंतर मात्र त्यांनी मला कधी काही लिहायला दिलं नाही. पोष्टातल्या कारकुनापुढे बसून, एकेक शब्द तीनदा सांगत, ते आपले अर्ज लिहवून घेत. मी दिसलो की बाकावर सरकून मला जागा करून देत.