कमलचं कच्चं कार्ड

शपथेवर सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. एक-दोन ठिकाणी थोडा हात फिरवला असेल, तेवढं चालायचंच. त्या शाळेचे किस्से साचत गेले ते आम्हालाच काही उमगत नव्हतं म्हणून. उमगलं असतं तर नोकरी केली असती आणि विसरलो असतो.

दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. कामरगावच्या पलीकडच्या आमच्या छोट्या सरकारी शाळेत हेडसरांनी वर्ग मोडून टाकले. प्रत्येक धड्याचं एक कार्ड. येत असेल तर कार्डावर ‘पक्कं’ शिक्का, नसेल तर ‘कच्चं’. पक्कं झाल्याशिवाय पुढचं कार्ड नाही, मग महिना लागो की वर्ष. नापास कोणीच नाही. आणि कोण कितवीत, हेही कोणाला ठाऊक नाही.

•

इन्स्पेक्टरसाहेब आले. म्हणाले, “नववीचा वर्ग दाखवा.”

हेडसर म्हणाले, “गणिताची नववी चिंचेखाली आहे, इंग्रजीची नववी ओट्यावर. भूगोलाची नववी पाणी प्यायला गेलीय.”

“पटावर नववीत किती मुलं?”

“सकाळी की दुपारी?”

साहेबांनी खिशातली गोळी काढून पाण्याबरोबर घेतली आणि शेरा लिहिला : ‘शाळा आहे.’

•

एसटीच्या पासावर इयत्ता लिहावी लागे. कारंजाहून येणाऱ्या एका मुलाला कंडक्टरनं विचारलं, “कितवीत हायेस रे?”

“गणितात दहावी, हिंदीत आठवी, इंग्रजीत पाचवी.”

“अन् गाडीत?”

“गाडीत उभाच असतो.”

कंडक्टरनं घंटी मारली आणि पुढं सरकला.

•

मग हेडसर म्हणाले, मास्तरांनीही कार्डं सोडवायची. मी गणिताचा. इंग्रजीच्या सातव्या कार्डावर माझ्या नावापुढं ‘कच्चं’ पडलं. सतरंजीवर मांडी घालून बसलो. शिकवायला कोण? कमल.

कमल सतरा वर्षांची. बाप शामराव, तीन एकर आणि एक बैल, दुसरा बैल शेजाऱ्याचा. पोरगी एवढी हुशार की तिच्यासमोर चूक करायला मला लाज वाटे, म्हणून चुका जास्तच होत.

“सर, तुमी घाबरून राह्यले,” ती म्हणायची. “हळू वाचा. मी कुठं पळून नाही चालली.”

पळायचं मात्र तिला होतं. अकोल्याला नर्सिंगला जायचं होतं. तिथं अठरा पूर्ण लागत, मॅट्रिक झाली तरी तिला एक वर्ष कमी पडणार होतं. आणि शामरावनं हेडसरांना शब्द दिला होता : सगळी कार्डं पक्की होईपर्यंत लग्न नाही, झाली की दुसऱ्या दिवशी. अनसिंगचं स्थळ तयारच होतं.

•

दिवाळीपर्यंत कमलचं एकच कार्ड उरलं. काळ-काम. सहा बाया एक वावर आठ दिवसांत निंदतात, तर चार बाया किती दिवसांत?

तिला येईना. मॅट्रिकच्या फॉर्मला एक कार्ड कच्चं चालत असे, त्यामुळं परीक्षा देऊन ती पासही झाली. गणितात पहिली! तरी कार्ड कच्चंच. आणि हेच कार्ड तिनं सात जणांना शिकवलं होतं, सातही पक्के.

माझ्या डोक्यात काही शिरेना. शामरावच्या तर नाहीच नाही. तो टोपी काढून हेडसरांसमोर उभा राहिला. “जयभीम सर. सात जनायले शिकवते अन् इलेच येत नाही? काहून?”

हेडसर गडबडले. त्यांनी जागच्या जागी नियम काढला : कमलनं आणखी एकाला नव्यानं शिकवायचं. तो पक्का झाला की हिचंही पक्कं.

“मंग मलेच शिकव,” शामराव म्हणाला. “पाहू दे एकदा, एवढं काय हाय त्यात.”

•

आठ दिवस बापलेक बांधावर बसले. मी एकदा तिकडून गेलो तर शामराव म्हणत होता, “बारा दिवस. अन् चौघीत तुई आत्या असंन तं पंधरा.”

“बाबा, आत्या गणितात नाही येत.”

“कामावर बी नाही येत.”

दोघं हसले. मग शामरावनं विचारलं, “तिथं अकोल्यात राह्यची सोय कशी असते?” ती सांगत होती. मी पुढं निघालो.

परीक्षेच्या दिवशी शामराव सतरंजीवर बसला. दारात कमल उभी, तोंड उतरलेलं. ओट्यावर अनसिंगचा पाहुणा, तारीख पक्की करायला आलेला. हेडसरांनी कार्ड दिलं. सहा बाया, आठ दिवस, चार बाया.

शामरावनं कार्ड वाचलं. दाराकडं पाहिलं. पेन्सिल ओली केली आणि बराच वेळ लावून लिहिलं. तपासायला माझ्याकडं आलं.

उत्तर होतं : ‘१ वर्ष’.

“शामराव,” मी म्हणालो, “परवा तर तुम्ही…”

“आमी अडानी मानूस, सर,” तो म्हणाला. “मारा शिक्का.”

मी ‘कच्चं’ मारलं. पाहुण्याकडं वळून शामराव म्हणाला, “पाहा बाप्पा, अजून कच्चंच हाय.”

•

आता कबूल करतो. इन्स्पेक्टर मी रचला. आमच्या शाळेत कधी कोणी तपासायला आलंच नाही. ते कार्ड मात्र माझ्याजवळ आहे.