गाडीला खरारा

बाबांनी माझ्या गाडीत बसायला साफ नकार दिला, तेव्हा मला इतका संताप आला की किल्ली मी सरळ सरपणावर भिरकावली. आईनं ती उचलली, पदरानं पुसली आणि देवळीत ठेवली. "जेव आंदी," एवढंच ती म्हणाली. आमच्या घरी बापलेकीचं भांडण रोजचंच, त्यासाठी कोणी भाकरी थंड होऊ देत नसे.

गाडी जुनी होती हे मला मान्यच होतं. आमचा आदिलाबाद जिल्हा आंध्रात होता तेव्हाची ही गोष्ट. तामसीच्या बाजूला आमचं गाव. कापसा-ज्वारीचं रान, घरात मराठी, कचेरीत तेलुगू आणि दुकानदाराशी हिंदी. मी आदिलाबादला शाळेत शिकवायची. पगारातून मागे टाकत टाकत ती पांढरी, गोल पाठीची मोटार घेतली होती. आधीच्या मालकानं ती वर्षानुवर्षं उन्हात उभी केलेली. इंजिन ठणठणीत, पण रंग पार मेलेला. बोट फिरवलं की भिंतीच्या चुन्यासारखी भुकटी लागायची.

"चालते चांगली," मी म्हटलं.

"चालते तं माही बकरीबी. असल्या भुरकट जनावरामांगं मी कदी उभा राह्यलो नाई, आता त्याच्या पोटात काऊन बसू?"

हा नुसता हट्ट नव्हता. बाबांच्या बैलजोडीचं नाव आसपासच्या गावांत होतं ते तिच्या झळाळीसाठी. पोळ्याच्या आधी चार दिवस ते शिंगं साळत, घासत, तेल पाजत आणि मगच रंग देत. तोरणाखाली जोडी उभी राहिली की लोक शिंगांकडे बघत आणि बाबा लोकांकडे. पण गुडघ्यांनी दगा दिला. शेत बटईनं, अर्ध्या वाट्यानं दिलं, आणि उन्हाळ्यात जोडी नार्नूरकडच्या एका शेतकऱ्याला विकली. गोठा रिकामा झाला तसे बाबा बोलायचे कमी झाले. त्यांनी जाहीर करून टाकलं होतं की यंदा पोळ्याच्या दिवशी ते दार लावून आत झोपणार आहेत. कोणी उठवायचं नाही, कोणी बोलवायचं नाही.

आईला त्या दिवसाचं भय वाटत होतं. "दिवसभर बायेर ढोल वाजन आन हे आत पडून राह्यतीन. मले पाहवनार नाई वं," ती मला म्हणाली. म्हणून मी बेत केला होता: पोळ्याच्या सकाळीच बाबांना उचलायचं आणि मंचेरियलला आत्याकडे न्यायचं. तिथं कोळशाच्या खाणी आणि रेल्वेच्या शिट्ट्या, पोळ्याचा आवाज कुठून येणार! पण एवढा लांबचा रस्ता त्यांच्या गुडघ्यांना बसमध्ये झेपण्यासारखा नव्हता. गाडीत बसले तरच ते जमणार होतं. आणि गाडी चमकल्याशिवाय ते बसणार नव्हते.

"चमकव, मंग तुही दरखास्त पाहू," ते म्हणाले.

पॉलिश आणायला मी आदिलाबादला निघाले तर तेही चप्पल घालून उभे. "तू एकटी गेली तं कायबी उचलून आनशीन." गाडीत ते बसत नव्हते, म्हणून आम्ही बसनं गेलो. माझी स्वतःची मोटार अंगणात उभी, आणि तिला लावायचं मेण आणायला मी एका पायावर उभी राहून चाललेय! रस्ताभर मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही, खिडकीजवळ जागा मिळाली होती.

मोटारीच्या सामानाचं दुकान बसस्टँडच्या मागे होतं. दुकानदारानं आधी माझ्याकडे, मग बाबांच्या धोतराकडे पाहिलं आणि एक गुलाबी बाटली पुढे केली. "मैडम, ये ले जाओ. पोंछा मारो, गाड़ी शीशा."

बाबांनी बाटली घेतली, थेंबभर अंगठ्याच्या नखावर टाकलं आणि धोतराच्या सोग्यानं घासलं. नख चमकलं. मग त्यांनी दुकानातल्या माठातलं पाणी त्या नखावर ओतून घेतलं. चमक वाहून गेली. नुसता गुलाबाचा वास उरला.

"नवरदेवाले लावा म्हना," ते म्हणाले.

"बाबा, ते गाडीसाठी आहे. नखासाठी नाही."

"नख मंजे लायनं शिंगच असते."

नख म्हणजे लहानसं शिंग! मी चिडले. दुकानदारानं मग डब्यातलं क्रीम दाखवलं. ते नखाच्या कडांमध्ये पांढरं बसलं आणि निघेचना. ते नापास झालं. शेवटी त्यानं वरच्या फळीवरून एक चपटी डबी काढली. आत पिवळसर, घट्ट मेण. बोटानं उचलत नव्हतं, खरवडून घ्यावं लागत होतं. वास रॉकेलसारखा, आणि मागून मोहोळाचा. बाबांनी ते चोळलं, वाळू दिलं, पुसलं आणि वर पाणी टाकलं. पाण्याचे गोल मणी झाले आणि घरंगळून गेले. बाबांचा चेहरा असा उजळलेला मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

"हे!"

"हे घेऊच," मी म्हटलं, "पण आधी रबिंग कंपाउंड पाहिजे. मेलेल्या रंगावर मेण लावून काय उपयोग?"

त्यांनी कंपाउंड चिमटीत घेऊन चोळलं आणि ओरडलेच. "याच्यात तं रेती हाय! कातडी सोलतं का गाडीची?"

"मेलेली कातडीच सोलायची आहे!"

आमचा आवाज इतका चढला की समोरच्या चहाच्या टपरीवरची माणसं उठून बघायला आली. दुकानदार बिचारा कपाळाला हात लावून म्हणाला, "बाबाजी, दोनों लगता है. पहले ये घिसो, बाद में वो लगाओ."

बाबांनी पुन्हा एकदा कंपाउंड चिमटीत घेतलं. बैलाच्या अंगावरचे मेलेले केस नि मळ काढायला लोखंडी दातांचा खरारा असतो. तो फिरवल्याशिवाय ते कधीच तेलाचा हात लावत नसत.

"मंजे पयले खरारा, मंग तेल," ते सावकाश म्हणाले. "असं आंदी काऊन नाई सांगतलं? मंजूर!"

दुकानदार खुश होऊन पुसायला कापसाचा बोळा फुकट देऊ लागला. बाबांनी तो परत केला. "आमी कापूसच पिकवतो," ते मराठीतच म्हणाले. दुकानदाराला ते कळलं असावं, कारण तो हसला.

दुसऱ्या दिवशी गाडी कडुलिंबाखाली घेतली. मी कंपाउंड लावून दार घासायला सुरुवात केली. फडकं दुधात बुडवल्यासारखं पांढरं झालं, आणि खालून असा ओला, गार पांढरा रंग वर आला की मी हरखून आईला हाका मारल्या. बाबा खाटेवर बसून बघत होते. फार वेळ बसवलं नाही त्यांना.

"गोल गोल काय घासून राह्यली? केसाच्या दिशेनं घास."

"बाबा, गाडीला केस नसतात!"

"तोंडापासून शेपटीकडं. उलटं घासलं तं जनावर बिचकते."

मी त्यांच्या हातात फडकं दिलं आणि म्हटलं, घ्या तुमची डावी बाजू. खाट ओढून ते गाडीला टेकून बसले आणि हेडलाइटापासून डिकीपर्यंत सरळ हात मारू लागले. उजव्या बाजूला मी गोल, डाव्या बाजूला ते सरळ. येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून सल्ला देई. कोणी खोबरेल सांगे, कोणी दंतमंजन. शेजारच्या काकूनं तर गाडीच्या दारात वाकून आपलं कुंकू नीट करून घेतलं आणि म्हणाली की आता आरसा कशाला घ्यायचा!

मेण लावताना पुन्हा वाजलं. शिंगाचा रंग उन्हात वाळवतात, म्हणून बाबांना गाडी उन्हात हवी होती. मी डबीवरचं वाचून दाखवलं की सावलीत लावा. त्यांनी छापलेल्या अक्षरावर विश्वास ठेवायचं नाकारलं आणि आपल्या बाजूचं एक दार हट्टानं उन्हात करून घेतलं. मेण असं कडक बसलं की ते काढायला त्यांची दुपार गेली. मी लोणचं-भाकरी खात ओट्यावरून बघत होते. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! पण संध्याकाळी दोन्ही बाजू सारख्याच झळकत होत्या, आणि बाबा लंगडत लंगडत पुन्हा पुन्हा गाडीभोवती फिरत होते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांची खांदमळणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना तिन्हीसांजेला लोणी आणि हळद चोळायची, आणि बैलांना उद्याच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं. त्या संध्याकाळी मी विहिरीवरून आले आणि अंगणात खिळूनच राहिले. बाबा गाडीपुढे उभे होते. पायाशी लोण्याची वाटी. दोन्ही तळवे पुढच्या चाकांवरच्या फुगीर पत्र्यावर ठेवून ते सावकाश चोळत होते आणि पुटपुटत होते, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"बाबा!" मी किंचाळले. "पांढऱ्या रंगाला हळद!"

ते दचकले. आपल्या पिवळ्या हातांकडे बघत राहिले.

"हात गेला वं," ते म्हणाले. "मले समजलंच नाई. सांज झाली आन हात गेला."

माझा राग कुठल्या कुठे गेला. बैल नव्हते, गोठा रिकामा होता, आणि त्या हातांना चोळायला खांदा हवा होता. मी वाटी उचलून त्यांच्यापुढे धरली. "डाव्या खांद्याला कमी लागलंय," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि डावा खांदा पुन्हा नीट चोळला.

सकाळी पुसलं तर मेणामुळे बरीचशी हळद निघून आली. उरला तो फिकट पिवळा डाग. बाबा धुतलेलं धोतर नेसून, पटका बांधून पुढच्या सीटवर येऊन बसले. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित उतरले असते. आई दारातून हात हलवत होती आणि डोळे पुसत होती.

जंगलाच्या रस्त्याला लागल्यावर पावसाची एक सर आली. बॉनेटवर थेंब पडले, गोल झाले आणि पळाले. "पाह्य, पाह्य! ठयरूनच नाई राह्यलं!" बाबा लहान पोरासारखे ओरडले, आणि मला गाडी कडेला घ्यायला लावून काचेतून ती गंमत सर थांबेपर्यंत बघत बसले.

उटनूरच्या फाट्यावर ते म्हणाले, "नार्नूरकडं घे."

"आत्याकडे जायचंय ना?"

"ते कुटं पळून चालली? नार्नूरकडं घे."

मी गाडी वळवली.

जोडी घेतलेला शेतकरी दारातच बैल धूत होता. बाबांना उतरताना पाहून तो जरा घाबरला. जुना मालक खोड काढायला आला, असं त्याला वाटलं असावं. बाबा बैलांभोवती फिरले. खांदे पाहिले, पोटं पाहिली. बैलांनी हंबरडा वगैरे काही फोडला नाही. एकानं हुंगलं आणि धोतराचा सोगा चघळायला सुरुवात केली. बाबा हसले. मग त्यांनी शिंगांवरून हात फिरवला. रंग दिलेला होता, पण पावसाळी हवेनं तो निस्तेज आणि खरबरीत झाला होता.

बाबांनी झोळीतून मेणाची डबी काढली. ती त्यांनी बरोबर घेतली होती हे मला माहीतही नव्हतं.

"हे लावू का?" त्यांनी विचारलं.

"इचारता काऊन दादा, तुमचेच हायेत," तो माणूस म्हणाला.

"नाई. तुमचे हायेत. म्हनूनच इचारून राह्यलो."

त्यानं खाट आणून दिली. बाबा खाटेवर बसले, आणि गाडीचं मेण बैलांच्या शिंगांना लावू लागले, बुडापासून टोकाकडे, सरळ. यावेळी मी काही शिकवायला गेले नाही. फडकं धरून बसले.

दिवस कलला तशा जोड्या तोरणाखाली आल्या. त्या शेतकऱ्यानं मोठ्या मनानं कासरा बाबांपुढे धरला. बाबांनी मान हलवली आणि ते माझ्याजवळ, बघणाऱ्यांच्या गर्दीत येऊन उभे राहिले. सगळ्या ओळीत त्या दोघांची शिंगं अशी झळकत होती की माणसं माना वळवून बघत होती.

"कोनाची हो जोडी?" पुढच्या एका म्हाताऱ्यानं मागे वळून विचारलं.

मी बाबांकडे पाहिलं. या प्रश्नाला ते आयुष्यभर एकच उत्तर देत आले होते.

"ते पाहा, त्या पटकेवाल्या भाऊची," बाबांनी हात लांब करून दाखवलं. मग म्हाताऱ्याच्या खांद्यावर थाप मारून, आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पन शिंगायचं पालिश माहं हाय!"