लाल काहीच नव्हतं

लोअर परळच्या आमच्या ऑफिसात भिंतीवर मोठा स्क्रीन आहे, त्यावर शेकडो चेक दिसतात. चेक म्हणजे दर मिनिटाला दूरच्या एखाद्या मशीनला विचारलेलं "आहेस का?" उत्तर आलं की हिरवा ठिपका, नाही आलं की लाल.

माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्राने त्यात गुपचूप एक घरचा चेक घातला होता, आईकडच्या राउटरचा. लग्नानंतर तो डोंबिवलीला गेला, पण आई डिलाईल रोडची चाळ सोडेना. झोपताना ती राउटरसकट सगळी बटणं बंद करायची आणि सकाळी उठल्या उठल्या चालू करायची. लाल गेला म्हणजे आई उठली. मग हा निवांत चहाला जायचा.

मला मात्र त्या स्क्रीनवरच्या फालतू लाल ठिपक्यांचा वैताग यायचा. एका संध्याकाळी मी फिल्टर बनवला: फक्त गिऱ्हाइकांची मशीनं दाखव, बाकी सगळं लपव. कोणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. मोठा शहाणा मी! खूश होऊन घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्क्रीन स्वच्छ होता. मित्राने नजर फिरवली आणि तो चहाला गेला.

दुपारी चाळीतून शेजारणीचा फोन आला. दार तोडलं तेव्हा आई मोरीत पडलेली होती. अंग अजून गरम होतं म्हणे.

तेरावं उरकून तो कामावर आला. बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसला. मग म्हणाला, "त्या दिवशी लाल काहीच नव्हतं ना रे? मी बघितलं होतं."

"नव्हतं," मी म्हटलं.