मुकादमबाईंची ग्रंथी

इस्पितळाच्या धुलाईघरात रोज सहाशे चादरी येत, आणि मुकादमबाईंची बोलणी खाल्ल्याशिवाय त्यातली एकही बाहेर पडत नसे. चादरीला ऐकू येत नाही, म्हणून ती बोलणी इस्त्रीवाल्या बायकांच्या वाट्याला येत. बाईंच्या नाकावर राग होता असं म्हणणं म्हणजे त्यांना मवाळ ठरवणं. घडीची कड कडेला लागली नाही, की यांच्या तळपायाची आग मस्तकात गेलीच. माघारी सगळ्या त्यांना ‘वाफ’ म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि त्यात वावगं काही वाटत नव्हतं. वाफेशिवाय कधी इस्त्री होते का?

घरी तरी काय वेगळं? नवरा होता तोवर तो ऐकून घेई, तो गेल्यावर मुलगी. तीन वर्षांपूर्वी मुलीने लग्न करायचं ठरवलेल्या मुलाला घरी आणलं. मुलगा भला, मास्तर, बोलायला गोड. पण कॉलरची इस्त्री उलट्या बाजूने केलेली! दुसऱ्या एखादीने आधी पाणी विचारलं असतं. बाईंनी कॉलरवरून सुरुवात केली, तिथून बाहीवर आल्या, बाहीवरून त्याच्या आईबापांवर. पाऊण तास तोंडाचा पट्टा सुरू. शेवटी शर्ट अंगातून काढायला लावला आणि स्वतः इस्त्री करून दिला. बिचारा तोवर बनियनवर बसून होता. तो निघाला तेव्हा शर्टाला नाव ठेवायला जागा नव्हती. मुलगी त्याच्याबरोबरच निघाली, ती परत आली नाही.

लग्न झाल्याचं बाईंना धुलाईघराच्या ड्रायव्हरकडून कळलं. नात झाल्याचंही त्याच्याकडूनच. नात आता सव्वा वर्षाची होती आणि बाईंनी तिला पाहिलेलं नव्हतं. यावर त्या चकार शब्द काढत नसत. फक्त लहान मुलांच्या वॉर्डातल्या छोट्या चादरी आल्या की दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. स्वतः घड्या घालत.

त्या घड्या घालतानाच त्यांचे हात थरथरायला लागले. वजन उतरलं, झोप उडाली, पंख्याखाली बसूनही घाम फुटे. शेवटी एका इस्त्रीवालीने जिवावर उदार होऊन त्यांना दंडाला धरून वर तपासणीला नेलं. डॉक्टरीणबाई वयाने मुलीएवढीच. तिने गळा चाचपला, रक्त काढायला लावलं आणि चार दिवसांनी सांगितलं, “मावशी, तुमच्या गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करतेय.”

“करू दे की,” बाई म्हणाल्या. “कामचुकार तर नाही ना?”

डॉक्टरीणबाईने समजावलं. ग्रंथीचा रस जास्त झाला की छाती धडधडते, अंग तापतं, माणूस साध्यासुध्या गोष्टीवरून भडकतो.

बाई सावरून बसल्या. “भडकतो? ग्रंथीमुळे?”

“काही अंशी.”

“हे कागदावर द्या. सहीशिक्क्यासकट. मुलीला दाखवायचंय.”

डॉक्टरीणबाईने गोळ्या लिहिल्या आणि खाली एक ओळ लिहून दिली, की चिडचिड हे या आजाराचं लक्षण आहे. कधीपासून असेल, या प्रश्नावर म्हणाली, “तीनेक वर्षं असावं. त्याच्या मागचं मी सांगू शकत नाही.”

दोन महिन्यांत हात स्थिरावले. एकदा एक चादर चक्क तिरकी घडी होऊन आली आणि बाई म्हणाल्या, “पुन्हा घाल.” एवढंच! बायकांचं धाबं दणाणलं. एकीला वाटलं, आता सगळ्यांना घरीच बसवणार. बाईंना मात्र हायसं वाटत होतं. जन्मभर आपल्या माथी ज्याचं खापर फुटलं, ते करणारी गळ्यात लपून बसली होती होय! कागदाला प्लॅस्टिकचं वेष्टण करून घेतलं, ड्रायव्हरकडून पत्ता घेतला आणि सुट्टीच्या दिवशी बाई मुलीच्या दारात उभ्या राहिल्या.

मुलीने उंबऱ्यातच उभं राहून कागद दोनदा वाचला.

“म्हणजे तू नव्हतीस,” ती म्हणाली.

“नव्हते गं. ग्रंथी होती.”

“कधीपासून?”

“तीनेक वर्षं म्हणतात.”

“मी चौथीत होते. गणवेशावर शाई सांडली म्हणून तू वर्गात येऊन सगळ्यांसमोर माझा पाणउतारा केलास. वर्गाच्या बाई शिकवायच्या थांबल्या. तेव्हा ग्रंथी कशी होती, आई?”

तेव्हा ती तपासली नव्हती, हे उत्तर बाईंच्या ओठांवर आलं होतं. ते खोटंही नव्हतं. तेवढ्यात आत मूल किरकिरलं. मुलीने मागे वळून पाहिलं आणि बाहेर आता आरडाओरडा होणार हे गृहीत धरून दार हलकेच ओढून घेतलं. बाई अजून एक अक्षर मोठ्याने बोललेल्या नव्हत्या.

“बरी होती,” त्या म्हणाल्या. “तेव्हा मीच होते. त्या मास्तरांना बोलले तेव्हाही निम्मी मीच असेन. चुकलं माझं.”

हे शब्द त्यांनी आयुष्यात कुणालाही म्हटलेले नव्हते. म्हणून झाल्यावर त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं. मुलीने कागदाची घडी घालायचा प्रयत्न केला, प्लॅस्टिकमुळे ती बसेना. तिने तो तसाच परत दिला.

“आत ये,” ती म्हणाली. “पण एकदम जवळ जाऊ नकोस. अनोळखी माणूस दिसलं की ती घाबरते.”

“बरं,” बाई म्हणाल्या, आणि दाराजवळच जमिनीवर बसल्या.