नवरंग, पोहे आणि एक चढ

लोक लडाखला जातात. आम्ही परवाच्या रविवारी गुरुग्राममधल्या आमच्या सोसायटीच्या गेटबाहेर गेलो. हसू नका. एप्रिलमध्ये सुधीरची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, बायपास झाली. तेव्हापासून हा माणूस बाराव्या मजल्यावरून खाली उतरला तो फक्त डॉक्टरकडे जायला. लग्नानंतर मला राजगड-तोरणा पायी दाखवणारा हाच! "फिरा, हळूहळू चढसुद्धा चढा," असं डॉक्टर सांगून थकले. याचं पालुपद एकच, "बघू, पुढच्या आठवड्यात." भांडून भीती जात नाही, हे जुलै येईपर्यंत मला कळून चुकलं होतं. म्हणून शनिवारी मी एवढंच म्हटलं, "उद्या अरवली पार्क. पोहे तिकडेच खाऊ." पोह्यांना तो नाही म्हणत नाही.

सकाळी गेटवरचा गार्ड उठून उभाच राहिला. "अरे सर, आज बाहर? बहुत अच्छा!"

"हां भैया, मॅडम ले जा रही हैं," सुधीर म्हणाला. जणू मी त्याला ठाण्यावर नेत होते.

आमच्याकडून पार्क चालत जाण्याइतकं जवळ आहे. लांबून येणाऱ्यांनी गुरु द्रोणाचार्य मेट्रो स्टेशनवर उतरून ऑटो करावा, आणि भाडं आधी ठरवावं, नाहीतर गुरुग्रामचे ऑटोवाले डोळ्यांत पाणी आणतात. सर्व्हिस रोडला फुटपाथ आहे, पण त्यावर मोटारी झोपलेल्या असतात. पाणी घरूनच न्या. पावसाळ्यात डासांचं मलमही लावा, मी विसरले आणि खाजवत बसले. पूर्वी इथे खाणी होत्या. आता तिथे माणसांनी लावून वाढवलेलं जंगल आहे, आणि दमट सकाळी त्याला ओल्या मातीचा असा काही वास येतो की आपण हरियाणात आहोत हे विसरायला होतं.

आत थोडं गेल्यावर वाट फुटते. एक सपाट जाते, दुसरी टेकाडावर चढते. सुधीरने चढाकडे पाहिलंसुद्धा नाही. पहिल्याच बाकावर बसला आणि शर्टाचा खिसा चाचपला. त्यात जिभेखाली ठेवायची गोळी असते, आणि हात दिवसभर तिथेच जातो. मी गुपचूप पोह्यांचा डबा उघडला.

तेवढ्यात शिट्टी ऐकू आली. दोन सुरांची, स्वच्छ.

ही शिट्टी आम्ही आठवडाभर बाल्कनीतून ऐकत होतो, पहाटे आणि संध्याकाळी. "ड्युटी बदलली की नवा गार्ड वाजवतो," असं सुधीरने ठरवून टाकलं होतं. वर त्याच्या वक्तशीरपणाचं कौतुक! उंच इमारतीत राहून आमचे कान असे झालेत.

"इथे कुठला गार्ड?" सुधीर म्हणाला आणि पोहे तसेच ठेवून उठला. "अगं, नवरंग पक्षी आहे तो! लहानपणी आजोळी, कोकणात, एकदाच दिसला होता. दिल्लीकडे पावसाळ्यापुरताच येतो, आणि सहज दिसत नाही."

शिट्टी पुन्हा आली, जरा वरून. सुधीर तिच्या मागे निघाला. मी काही बोलले नव्हते तरी वळून मलाच "शूऽऽ" केलं. पुन्हा शिट्टी, आणखी वर. माझ्या लक्षात आलं, हा चढावर आहे. "अरे, हळू!" अगदी ओठांवर आलं होतं. पण आठवण करून दिली असती तर तो तिथेच थांबला असता. डबा छातीशी धरून मी मागे चालत राहिले. धडधड होत होती ती माझी.

अर्ध्या चढावर तो एकदम थांबला. माझी नजर त्याच्या खिशाकडे गेली. पण त्याने खिशाला हात लावला नाही, बोरीच्या झुडपाकडे बोट दाखवलं. पाचोळ्यात काहीतरी टुणटुण उड्या मारत होतं.

"पोटाखालचा लाल रंग दिसला? दिसला ना?"

"दिसला," मी म्हटलं.

पाखरू पुढे सरकलं, तसे आम्हीही. माथ्यावर पोहोचलो तेव्हा समोर टॉवरच टॉवर पसरले होते, त्यात आमचाही. सुधीरने मागे वळून वाटेकडे पाहिलं.

"यार, आपण वर कसे आलो?"

"पायांनी," मी म्हटलं.

त्याला धाप लागली होती, तशीच मलाही. तो खडकावर बसून खूप हसला आणि मग गार पोहे चाटूनपुसून खाल्ले. इतके बरे पोहे माझ्या हातून कधी झाले नव्हते, असं त्याचं म्हणणं.

संध्याकाळी बंगळुरूहून निनादचा, आमच्या मुलाचा, फोन आला. "बाबा, चढ चढलात?"

"ते सोड रे, नवरंग पाहिला! थांब, आईला विचार कसा होता ते."

फोन माझ्या हातात आला आणि मी अडकले. हिरवी पाठ, निळे पंख, डोळ्यांवरची काळी पट्टी हे सगळं मी नंतर शोधून वाचलं. फोटोही नाही. तुम्हालाही खरं सांगते, मला लाल रंग दिसलाच नव्हता. त्या चढावर मी सगळा वेळ सुधीरच्या घामाने भिजलेल्या पाठीकडे बघत होते. ती श्वासागणिक वरखाली होत होती आणि पुढे पुढे जात होती.